मूल घरात राहावं म्हणून: कॅनडातल्या मूलनिवासी बाल-कुटुंब सेवांबद्दल

उत्तरवारा

नोकऱ्यांच्या धाग्यावर नवी_पालवी यांनी विचारलं होतं, की थंडर बे, केनोरा, सू लुकआउट या भागांत मूलनिवासी बाल-कुटुंब कल्याण संस्थांच्या जाहिराती सारख्या दिसतात, तिथं नेमकं काय काम असतं आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी अर्ज करावा का. उत्तर लिहायला बसले तर ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मी उत्तर-पश्चिम ऑन्टारिओत अशाच एका संस्थेत काम करते. संस्थेचं नाव लिहिणार नाही, आणि कुटुंबांबद्दल जे सांगेन त्यातले तपशील ओळख पटू नये इतपत बदललेले असतील.

आधी थोडं मागचं सांगते, कारण त्याशिवाय इथली कामाची पद्धत कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कॅनडा सरकारनं चर्चच्या मदतीनं निवासी शाळा चालवल्या. सुमारे दीड लाख मुलं त्यांत ठेवली गेली. आपल्या भाषेत बोलल्याबद्दल मार बसायचा, आल्या आल्या केस कापले जायचे, एकाच शाळेतल्या भावाबहिणींनाही भेटू देत नसत. हजारो मुलं परत घरी आलीच नाहीत. शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या. म्हणजे हा काही पणजोबांच्या काळातला इतिहास नाही. आमच्या बैठकींना येणाऱ्या कितीतरी आज्या त्या शाळांतून आलेल्या आहेत. कुठलाही सरकारी माणूस फाइल घेऊन दारात उभा राहिला की त्यांचे हात थरथरतात, हे मी पाहिलेलं आहे.

शाळांचा जोर ओसरत होता तेव्हा दुसरं सुरू झालं. १९५१ साली मूलनिवासींसंबंधीच्या इंडियन अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती झाली आणि प्रांतांचे बालकल्याण कायदे रिझर्व्हवर, म्हणजे मूलनिवासींसाठी राखून ठेवलेल्या भूभागांवर, लागू होऊ लागले. प्रांताच्या समाजसेवकांना त्या समाजाची काहीच ओळख नव्हती. मूल आजीकडे किंवा मावशीकडे वाढतंय, याचा अर्थ त्यांनी 'आईनं वाऱ्यावर सोडलं' असा लावला. १९६० ते ८०च्या दशकांत हजारो मुलं उचलून बहुतेक गोऱ्या कुटुंबांत दिली गेली, काही तर सरळ अमेरिकेत. याला इथं 'सिक्स्टीज स्कूप' म्हणतात. मॅनिटोबा प्रांतात न्यायाधीश एडविन किमेलमन यांनी याची चौकशी केली आणि १९८५च्या अहवालात या प्रकाराला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं.

आणि आज? २०२१च्या जनगणनेत १५ वर्षांखालच्या मुलांत मूलनिवासी मुलं ७.७ टक्के होती, पण फोस्टर घरांत, म्हणजे तात्पुरत्या पालकांकडे, राहणाऱ्या मुलांत ५३.८ टक्के. सरकारच्या इतक्या माफीनाम्यांनंतरचा हा आकडा आहे.

हे असं का, याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण पैशाची वाट कुठून कुठे जायची, यात आहे. रिझर्व्हवरच्या बालसेवांचा खर्च केंद्र सरकार देतं. १९९०च्या सुमारास ठरलेल्या सूत्रात असं धरलं होतं, की प्रत्येक ठिकाणची ६ टक्के मुलं बालकल्याण संस्थेच्या ताब्यात असतील, आणि त्या हिशेबानं संस्थेला ठरावीक रक्कम मिळायची. मूल एकदा ताब्यात घेतलं की त्याच्या पालनाचा खर्च मात्र जेवढा होईल तेवढा भरून मिळे. आईला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायला, गळकं छप्पर नीट करायला, थकलेल्या आजीला मदतनीस द्यायला पैसे नाहीत. तेच मूल दोनशे मैलांवरच्या अनोळखी घरात ठेवलं की बिल मंजूर. मूल घरातून काढायला पैसा होता, घर सावरायला नव्हता. आमचं आजचं सगळं काम ही वाट उलटी फिरवण्याचं आहे.

जिज्ञासू

वाचतोय. फार महत्त्वाचा धागा. मी टोरांटोत इतकी वर्षं राहून यातलं निम्मंसुद्धा मला माहीत नव्हतं. ३० सप्टेंबरला निवासी शाळांतल्या मुलांच्या आठवणीसाठी ऑफिसात नारिंगी शर्ट घालतो तेवढाच संबंध.

प्रश्नकर्ता

उत्तरवाराताई, एक शंका मनापासून विचारतो, राग मानू नका. जे झालं ते भयंकरच होतं. पण आज एखाद्या घरात दारू, ड्रग्ज, मारहाण असेल, तर लहान मुलाला तिथून आधी बाहेर काढायला नको का? संस्कृती, समाज हे सगळं नंतर. मूल जिवंत राहिलं तर पुढचं.

उत्तरवारा

प्रश्नकर्ता, राग कसला, हा प्रश्न प्रत्येक नवा कर्मचारी विचारतो आणि विचारायलाच हवा. मुलाच्या जिवाला धोका असेल तर आम्हीही त्याच रात्री मूल हलवतो. त्यात तडजोड नाही.

पण ताब्यात गेलेल्या मूलनिवासी मुलांच्या नोंदी बघितल्या तर सर्वांत जास्त दिसणारं कारण मारहाण नसतं, 'दुर्लक्ष' असतं. आणि त्या एका शब्दाखाली काय काय दडलेलं असतं ते बघा. तीन खोल्यांच्या घरात तीन पिढ्या, भिंतीला बुरशी, म्हणून बाळाला सारखा खोकला. वाण-सामान विमानानं येतं म्हणून दूध-फळं परवडत नाहीत. नेस्कांटागा नावाचं फर्स्ट नेशन, म्हणजे मूलनिवासी समाजाचं गाव, आहे आमच्या उत्तरेला, तिथं १९९५ पासून पाणी उकळून प्यायची सूचना लागू आहे. त्या गावात जन्मलेली मुलगी आज स्वतः आई झाली असेल आणि तिनं नळाचं पाणी तसंच कधी प्यायलेलं नसेल. अशा घरी जाऊन फॉर्मवर 'अस्वच्छता' या चौकटीत खूण करणं सोपं आहे. त्या खुणेची शिक्षा मात्र मुलाला होते.

आणि बाहेर काढलेलं मूल सुरक्षित असतंच हे गृहीत धरू नका. एका घरातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, मग ग्रुप होम, मग मोटेलची खोली, असा प्रवास केलेली मुलं आमच्याकडे येतात. अठरा-एकोणीस वर्षांचे झाले की फाइल बंद. रस्त्यावरच्या बेघर तरुणांना विचारा, त्यांतले किती जण फोस्टर केअरमधून आलेत.

तळटीप

कायद्याची बाजू मी भरतो, माझा व्यवसायच तो आहे.

२०१९ साली केंद्रानं फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या मूलनिवासी गटांच्या मुलांसंबंधीचा कायदा केला. लोक त्याला अजून विधेयकाच्या क्रमांकानं, 'सी-९२' म्हणूनच ओळखतात. १ जानेवारी २०२० पासून तो लागू आहे. प्रश्नकर्ता यांच्या शंकेचं बरंचसं उत्तर त्यात आहे. मुलाचं हित हाच सर्वोच्च निकष, हे कायदा स्पष्ट म्हणतो. पण पुढे असंही म्हणतो, की निव्वळ गरिबी, घर अपुरं असणं किंवा पालकाचं आजारपण एवढ्याच कारणावरून मूल काढता येणार नाही. काढण्याआधी प्रतिबंधक मदत देऊन बघायची, अगदी गरोदरपणातसुद्धा. मोठं पाऊल उचलायचं तर पालकांना आणि त्या समाजाच्या प्रशासनाला आधी कळवायचं.

मूल ठेवायचंच झालं तर क्रमही ठरवून दिलाय: आधी आई किंवा वडील, मग कुटुंबातली दुसरी प्रौढ व्यक्ती, मग त्याच समाजातलं कुणी, मग दुसऱ्या मूलनिवासी समाजातलं, आणि हे सगळं संपल्यावर इतर कुणी. भावंडं शक्यतो एकत्र.

सर्वांत मोठा भाग वेगळाच. या समाजांना आपल्या मुलांबद्दलचे कायदे स्वतः करता येतात, आणि रीतसर प्रक्रिया झाली की ते प्रांताच्या कायद्याच्या वर चालतात. सस्कॅचवनमधल्या काउसेस फर्स्ट नेशननं २०२१च्या जुलैत केंद्र आणि प्रांताशी पहिला समन्वय करार केला आणि स्वतःची संस्था उभी केली. क्विबेकनं या तरतुदींना आव्हान दिलं होतं, ९ फेब्रुवारी २०२४ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं कायदा पूर्ण वैध ठरवला.

पानगळ

यात एक जुनी गोष्ट जोडतो. मी ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या भागात शिक्षक आहे. इथल्या स्प्लात्सिन लोकांनी, तेव्हा नाव स्पॅलमचीन, १९८० सालीच आपला बालकल्याणाचा नियम स्वतः मंजूर केला होता. केंद्राचा कायदा यायच्या चाळीस वर्षं आधी! त्या वेळी त्यांचे प्रमुख वेन ख्रिश्चन होते, तेही लहानपणी फोस्टर घरात वाढलेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'इंडियन चाइल्ड कॅरव्हान' निघाला, गावोगावची माणसं सामील होत व्हँकुव्हरपर्यंत पोचली. सरकारनं दिलं म्हणून त्यांना मिळालं असं कुणी समजू नये म्हणून हे लिहिलं. माणसं रस्त्यावर उतरली होती.

दवबिंदू

मी मॅनिटोबात प्रसूती विभागात नर्स आहे. एका विषयावर मला बोलायचंच आहे: बर्थ अलर्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एखाद्या गरोदर बाईबद्दल बालकल्याण खात्याला 'धोका' वाटला, तर ते रुग्णालयाला गुपचूप कळवत. तिला पत्ताच नसे. ती पोटात कळा घेऊन यायची, आणि तिच्या चार्टवर आधीच शेरा असायचा. बाळ जन्मलं की आम्ही फोन करायचा. काही तासांत, कधी बाळानं एकदाही अंगावर प्यायच्या आत, बाळाला घेऊन जायचे. आणि तो शेरा कशाबद्दल? कित्येकदा एवढंच, की ती स्वतः लहानपणी फोस्टर केअरमध्ये होती.

बेपत्ता आणि खून झालेल्या मूलनिवासी स्त्रियांबद्दलच्या राष्ट्रीय चौकशीनं २०१९च्या जूनमध्ये ही पद्धत बंद करा असं सांगितलं. ब्रिटिश कोलंबियानं त्याच वर्षी थांबवली, मॅनिटोबानं १ जुलै २०२० पासून, ऑन्टारिओनं त्याच ऑक्टोबरात.

आता काय बदललंय ते सांगते. आमच्या वॉर्डात काही समाजांच्या आज्या येतात, बाळासाठी मॉस बॅग घेऊन. कापडाची किंवा मऊ कातड्याची पिशवी असते, पुढून नाडीनं घट्ट बांधायची. पूर्वी आत वाळवलेलं शेवाळ भरत, ते ओल शोषून घ्यायचं. मागच्या हिवाळ्यात एक आजी एकोणीस वर्षांच्या मुलीला नाडी कशी ओवायची ते शिकवत होती. मुलीची नजर खाली. आजीनं तिचा हात स्वतःच्या हातात धरला आणि बाळाच्या छातीवरून नाडी ओढून घेतली, सैल नको, आवळ, असं खुणेनंच सांगितलं. बाळ रडायचं थांबलं. मग मुलगी हसली. प्रसूतीच्या आधीपासून त्या मुलीसोबत संस्थेची एक बाई होती, घरी गेल्यावरही रोज जाणार होती. पूर्वीच्या व्यवस्थेत त्या बाळाचं काय झालं असतं, हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी ते घडताना पाहिलेलं आहे.

नवी_पालवी

दवबिंदूताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

उत्तरवाराताई, माझ्यामुळे एवढा मोठा धागा झाला! माझा सोशल सर्व्हिस वर्करचा डिप्लोमा एप्रिलमध्ये संपतोय. रोजचं काम प्रत्यक्षात कसं असतं ते सांगाल का? पुस्तकात 'समुदाय-केंद्री', 'संस्कृती-सुरक्षित' असे शब्द खूप आहेत, पण सोमवारी सकाळी नेमकं करायचं काय?

उत्तरवारा

एका बैठकीबद्दल सांगते, त्यातून कळेल. आमच्याकडे याला 'सर्कल' म्हणतात.

आई, तीन मुलं. आई काही महिने बरी होती, मग पुन्हा घसरली. शाळेतून फोन आला, की मोठी मुलगी दोन दिवस जेवणाचा डबा न घेता आली आणि धाकट्याला सांभाळायला मधल्या सुट्टीत घरी पळते. जुन्या पद्धतीत त्याच संध्याकाळी तिघं तीन घरांत गेली असती.

दुसऱ्या दिवशी बँडच्या, म्हणजे त्या फर्स्ट नेशनच्या स्थानिक प्रशासनाच्या, ऑफिसच्या हॉलमध्ये बसलो. खुर्च्या गोलात, मध्ये टेबल नाही. एका वृद्धांनी शिंपल्यात सेज ही सुगंधी वनस्पती पेटवली, पिसानं धूर एकेकाकडे नेला. ज्यांना नको होतं त्यांनी मानेनं नको म्हटलं, त्यांना पुढे कुणी काही विचारलं नाही. आई पहिली बोलली, थोडंच. मावशी म्हणाली मी येऊन राहीन, पण माझी दुकानातली पाळी बुडेल. मामा म्हणाला लाकडं मी फोडून आणतो. चुलतभावाच्या घरी दोन पलंग रिकामे होते, पण शेगडी बिघडलेली. आजी, इथं त्यांना कूकम म्हणतात, सबंध वेळ मण्यांचं काहीतरी ओवत होत्या. फार वेळानं मान वर न करता एवढंच म्हणाल्या, की मोठीला धाकट्याशिवाय झोप लागत नाही. त्या वाक्यानं बैठक ठरली. तिघं एकत्र, आणि आपल्याच घरात.

मग माझं काम सुरू. मावशीच्या बुडणाऱ्या पगाराची भरपाई, किराणा, आईचं उपचार केंद्राचं विमानाचं तिकीट, शाळेशी बोलणं, आठवड्यातून तीनदा घरी फेरी. नवी_पालवी, सोमवारी सकाळी हेच करायचं असतं. कुणाचं तिकीट, कुणाची शेगडी, कुणाला डॉक्टरकडे न्यायचं. मावशी त्या घरात राहायला आली, मुलं आपापल्या अंथरुणात झोपली.

आई परत आली, नंतर एकदा पुन्हा घसरली. पुन्हा सर्कल बसलं. हे लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण अशा कामाकडून लोक एका फटक्यात सुटका मागतात. दोनशे वर्षांचं ओझं एका उपचारात उतरत नाही. फरक एवढाच की घसरण झाली तेव्हा मुलांचं जग हललं नाही.

ऑन्टारिओत याला कायद्याची चौकट आहे, 'कस्टमरी केअर'. समाजाच्या रीतीप्रमाणे मूल कुणाकडे राहील हे बँड ठरवतं, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, आणि सांभाळणाऱ्याला आर्थिक मदत मिळते. सू लुकआउटची टिकिनागन संस्था १९८४ पासून दूरच्या, विमानानंच पोचता येणाऱ्या वस्त्यांमध्ये असंच काम करते आहे, गावातल्या लोकांना सोबत घेऊन.

मृगनक्षत्र

मॅनिटोबातल्या नेल्सन हाउसबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहिते. तिथल्या निसिचावायासिक क्री नेशननं एक साधा प्रश्न विचारला: चूक मोठ्यांची असेल तर घर मुलांनी का सोडायचं? २००२ पासून त्यांचा असा कार्यक्रम आहे, की धोका असेल तर पालकांना घराबाहेर काढतात. मुलं आपल्या घरात, आपल्या शाळेत, आपल्या मित्रांत राहतात, आणि कुणी नातेवाईक किंवा मदतनीस तिथं राहायला येतो. पालकांना उपचार, समुपदेशन, आणि मग परत यायचा रस्ता. घरं बँडच्या मालकीची असल्यानं कौन्सिलला हे करता येतं.

मला ही कल्पना इतकी उघड वाटते, की सगळीकडे का नाही असा प्रश्न पडतो.

प्रश्नकर्ता

हे पटलं. अगदी पटलं. मुलाच्या नजरेतून पाहिलं तर पोलिसांसोबत गाडीत बसून जाणं ही त्यालाच झालेली शिक्षा आहे.

पण मग पैसा कुठे अडतो? दर वर्षी बातम्यांत अब्जावधी डॉलर ऐकतो.

तळटीप

त्याची हकीकत लांब आहे, पण माहीत असायला हवी.

सिंडी ब्लॅकस्टॉक या गिट्क्सन या मूलनिवासी समाजातल्या बाई. त्यांची फर्स्ट नेशन्स चाइल्ड अँड फॅमिली केअरिंग सोसायटी आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स ही देशव्यापी संघटना यांनी २००७ साली कॅनडाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे तक्रार केली: रिझर्व्हवरच्या मुलांना इतर मुलांपेक्षा कमी पैसा देणं हा भेदभाव आहे. सरकार वर्षानुवर्षं तांत्रिक मुद्द्यांवर लढलं. २६ जानेवारी २०१६ला निकाल लागला, की होय, हा भेदभावच आहे, आणि उत्तरवारा यांनी सांगितलेलं ते पैशाचं सूत्र मुलं काढायलाच उत्तेजन देतं. २०१९ मध्ये न्यायाधिकरणानं प्रत्येक बाधित मुलाला ४० हजार डॉलर द्यायला सांगितलं. शेवटी २०२३ मध्ये २३.३४ अब्ज डॉलरचा समझोता कोर्टानं मान्य केला. देशाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या समझोत्यांपैकी एक.

पण ही भरपाई झाली, झालेल्या नुकसानाची. पुढे व्यवस्था कशी चालणार हा प्रश्न वेगळा. त्यासाठी दहा वर्षांचा ४७.८ अब्ज डॉलरचा प्रस्ताव आला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलगरीत फर्स्ट नेशन्सच्या प्रमुखांच्या सभेनं तो फेटाळला. बाहेरच्यांना आश्चर्य वाटलं, एवढी रक्कम नाकारतात! पण आक्षेप होता तो दहा वर्षांनंतरच्या हमीबद्दल, न्यायाधिकरणाची देखरेख जाण्याबद्दल, आणि वाटाघाटीत पुरेशांना विचारलं नाही याबद्दल. सगळ्यांचं मत एक नाही, काही प्रमुखांना तो करार हवा होता. ज्यांची मुलं, त्यांच्यातच हा वाद व्हायला हवा, आणि होतोय.

पानगळ

आणि 'जॉर्डन्स प्रिन्सिपल' विसरू नका. शिक्षक म्हणून माझा रोजचा संबंध त्याच्याशी.

जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस क्री नेशनचा मुलगा. १९९९ साली गुंतागुंतीचे आजार घेऊन जन्मला, विनिपेगच्या रुग्णालयात राहिला. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं घरी न्या. पण घरच्या काळजीचा खर्च केंद्रानं द्यायचा की प्रांतानं, यावर वाद सुरू झाला आणि दोन वर्षांहून जास्त चालला. २००५ मध्ये, पाचव्या वर्षी, तो रुग्णालयातच गेला. आपल्या घरात तो एक दिवसही राहिला नाही. डिसेंबर २००७ मध्ये संसदेनं ठराव केला, की आधी मुलाला सेवा द्या, पैसे कुणी द्यायचे ते नंतर भांडा.

न्यायाधिकरणानं मुदतीही घालून दिल्या आहेत: तातडीच्या अर्जावर १२ तास, एरवी एका मुलाच्या अर्जावर ४८ तास. प्रत्यक्षात हजारो अर्ज तुंबले आहेत. माझ्या वर्गातल्या एका मुलाला श्रवणयंत्र हवं होतं. अर्ज सप्टेंबरात गेला. बर्फ पडलं, वितळलं, तो तोवर मागच्या बाकावर बसून माझ्या ओठांकडे बघायचा. मी त्याला पहिल्या बाकावर आणलं, फळ्याकडे तोंड करून बोलणं सोडलं, पण कानाची गरज बाकानं भागत नाही. ४८ तास असं कागदावर लिहिलेल्या देशात हे घडतं, याचा मला संताप आहे.

जिज्ञासू

आम्ही दोघं नवरा-बायको बरेच दिवस फोस्टर पालक व्हायचा विचार करतोय. हे सगळं वाचून आता कळत नाही, की आम्ही मूलनिवासी मूल घ्यावं का? का आमचं घर म्हणजे पुन्हा तेच?

उत्तरवारा

जिज्ञासू, स्पष्टच सांगते. तळटीप यांनी दिलेल्या क्रमात तुम्ही-आम्ही शेवटी आहोत आणि तिथंच असायला हवं. पण शेवटच्या जागेचीही कधीकधी खरोखर गरज पडते, विशेषतः शहरात, रात्री-अपरात्री, चार दिवसांसाठी. शिवाय 'रेस्पाइट' म्हणजे सांभाळणाऱ्या आजीला महिन्यातून एक शनिवार-रविवार विसावा देणारं घर. अशा घरांचा तुटवडा असतो आणि त्यानं प्रत्यक्षात मूल आजीकडे टिकतं. माझं मत विचाराल तर तुम्ही तिथून सुरुवात करा.

मूल आलंच तर काही गोष्टी मनाशी पक्क्या हव्यात. तुमचं काम त्याचं दुसरं घर व्हायचं नसून त्याला पहिल्या घरी नीट परत पोचवायचं आहे. आईबद्दल त्याच्यासमोर वाकडा शब्द नाही, फोनवरचं हळू आवाजातलं सुद्धा नाही, मुलं सगळं ऐकतात. न विचारता केस कापायचे नाहीत. लांब वेणी ही त्या मुलाच्या घरची ओळख असू शकते, आणि निवासी शाळांनी पहिलं काय केलं ते वर लिहिलंच आहे. जवळच्या फ्रेंडशिप सेंटरला, म्हणजे शहरातल्या मूलनिवासींच्या केंद्राला, न्यायचं, पाउवाउ (त्यांचा नाच-गाण्याचा मेळावा) असेल तर तिथं, आजीचा व्हिडिओ कॉल कधी चुकवायचा नाही. आठवड्याचं वेळापत्रक त्या कॉलभोवती लावायचं.

आणि तो निरोप द्यायचा दिवस येईल तेव्हा तुमचं मन तुटेल. त्यासाठी आधार कुठून घ्यायचा ते आधी ठरवून ठेवा. मुलाकडून मागू नका.

दवबिंदू

शेवटचा परिच्छेद प्रत्येक प्रशिक्षणात वाचून दाखवायला हवा.

अठराव्या वर्षी फाइल बंद व्हायची, असं उत्तरवाराताईंनी वर लिहिलंय. त्यात थोडी सुधारणा झाली आहे: केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या सेवांत, ताब्यात असलेल्या किंवा पूर्वी राहिलेल्या फर्स्ट नेशन्स तरुणांना आता २६व्या वाढदिवसापर्यंत आधार मिळू शकतो, २०२२ पासून. भाडं, शिक्षण, समुपदेशन. कुणाला असा तरुण माहीत असेल तर त्याला जरूर सांगा, बऱ्याच जणांना हे कळलेलंच नसतं.

नवी_पालवी

कालच मेल आला, पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे! केनोराजवळ. मुलाखतीत काय बोलू, काय बोलू नको? आपणही इंग्रजांच्या राज्यात होतो, त्यामुळे मला तुमचं दुःख समजतं, असं म्हटलं तर चालेल का?

उत्तरवारा

अभिनंदन! ते वाक्य नको. मनातली भावना खरी आहे, पण समोर बसलेल्या बाईंची बहीण कदाचित अजून सापडलेली नसेल. त्या म्हणतील तेव्हा ऐका. आपलं दुःख पुढे करायची घाई नको.

मुलाखतीच्या पॅनलवर बहुतेक एक एल्डर, म्हणजे समाजातल्या मानाच्या ज्येष्ठ व्यक्ती, असतील. त्या प्रश्न विचारून बराच वेळ गप्प बसतील किंवा तुमचं उत्तर संपल्यावर गप्प राहतील. ती शांतता भरून काढायला बडबड करू नका, थांबा. नजरेला नजर भिडवत राहायची गरज नाही. तुम्ही कोण, कुठल्या, आजी-आजोबा कोण, हे विचारतील. त्याला व्यवस्थित उत्तर द्या, ते औपचारिक नसतं, तुमची माणसं कोण हे कळल्याशिवाय तुमच्यावर मुलं सोपवायची कशी? तुम्ही किती काळ राहणार हेही विचारतील. वर्षाचा अनुभव घेऊन टोरांटोला परतायचा बेत असेल तर खरं सांगा. मुलांनी आधीच खूप माणसं येताना-जाताना पाहिलेली आहेत.

त्या भागात कुठल्या फर्स्ट नेशन्स आहेत, तो भाग मूलनिवासींनी सरकारशी केलेल्या कुठल्या जुन्या कराराखाली येतो, ती नावं नीट म्हणायला शिकून जा. सत्य आणि सलोखा आयोगानं २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यातल्या पहिल्या पाच बालकल्याणाबद्दलच आहेत. त्या वाचून जा, पाठ करायला नको.

बाकी व्यवहाराचं: लहान मुलांसोबत कामासाठी लागणारी पोलीस तपासणी आत्ताच मागवून ठेवा, वेळ लागतो. पूर्ण जी लायसन्स, म्हणजे गाडी चालवायचा शेवटच्या टप्प्याचा परवाना, आहे का? हिवाळ्यात हायवेवर एकटीनं गाडी चालवायची तयारी हवी.

नवी_पालवी

जी-टू, म्हणजे त्याआधीच्या टप्प्याचा परवाना, आहे, पूर्ण जीची रोड टेस्ट पुढच्या महिन्यात. मुलाखतीत तसंच सांगू?

उत्तरवारा

हो, तारखेसकट सांगा. आणि टेस्ट थंडर बेला किंवा केनोराला मिळते का बघा, बर्फातल्या रस्त्याची सवय तिथंच होईल. मुलाखत झाली की इथं लिहा, मी राहायच्या जागेबद्दल आणि पहिल्या हिवाळ्याच्या कपड्यांबद्दल व्यक्तिगत निरोप करते.